ठिणगी कुठे अडली?

अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्या आडदांड इंजिनांच्या गाड्या आपल्याकडे जवळजवळ आल्याच नाहीत. १९६४ साली तिकडे पाँटिअॅक जीटीओ सहा लिटरहून मोठे इंजिन घेऊन रस्त्यावर उतरली. त्याच सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १०८९ सीसीची फियाट निघत होती, जी पुढे १९७०च्या दशकात 'पद्मिनी' झाली. ताकदीच्या बाबतीत दोघींची तुलना करणे म्हणजे हत्ती आणि शेळी एका दावणीला बांधण्यासारखे आहे. परंतु दोन्ही सुरू होईनाशा झाल्या, की त्यांचे दुखणे एकच असते. बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटर, प्लग ही साखळी दोघींतही तीच आहे. ही व्यवस्था प्रथम नीट बसवली ती ओहायोतील डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग याने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस. त्याच्या कंपनीच्या नावातील आद्याक्षरांपासून 'डेल्को' हा शब्द झाला, आणि आपल्याकडील अनेक गॅरेजांत डिस्ट्रिब्यूटरला आजही डेल्कोच म्हणतात. आमच्या माहितीतील कोणत्याही मराठी शब्दकोशात तो नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की बंद पडलेली जुनी गाडी सुरू करणे हे हाताचे काम असण्याआधी तर्काचे काम आहे, आणि आपल्या समाजाने त्या तर्काला ज्ञान म्हणून कधी मान दिलेला नाही.

हे तर्काचे काम कसे, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. बॅटरीतून येणारा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो. इंजिन फिरताना डेल्कोतील पॉइंट उघडतात, प्रवाह एकाएकी तुटतो, आणि त्या तुटण्यामुळे कॉइलच्या बारीक वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. म्हणजे ठिणगी जन्मते ती प्रवाह सुरू झाल्याने नव्हे, तोडल्याने. तो दाब मधल्या जाड वायरीतून डेल्कोच्या झाकणात येतो, तिथे रोटर त्याला पाळीपाळीने एकेका प्लगकडे धाडतो. पद्मिनीत ही पाळी १-३-४-२ अशी असते. पॉइंटमधील फट सुमारे अर्ध्या मिलिमीटरची. ती बुजली किंवा पॉइंट काळे पडले की सगळा डोलारा थांबतो. कंडेन्सर शॉर्ट झाला तर ठिणगी मुळीच येत नाही. त्याचा जोड आतून तुटला तर ती येते, पण पिवळी आणि दुबळी, आणि पॉइंट मात्र भराभर जळतात.

आता स्टार्टर फिरतो आहे, पेट्रोल येते आहे, पण इंजिन पेट घेत नाही. दोष या साखळीत कुठेही असू शकतो. जाणता मेस्त्री एका टोकापासून सुरुवात करत नाही. तो साखळी मधोमध तोडतो. कॉइलची मधली वायर डेल्कोतून उपसून, रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरतो आणि स्टार्टर फिरवायला सांगतो. टपटप निळी ठिणगी पडली, तर बॅटरी, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल हे सारे एका फटक्यात निर्दोष सुटले. नाही पडली, तर डेल्कोचे झाकण, रोटर आणि प्लग यांकडे तूर्त पाहायचे कारण नाही. एका चाचणीत अर्धे जग बाद. न्यायशास्त्राच्या ग्रंथांत याहून वेगळे काय असते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शिवाजी पेठेत एका पद्मिनीचे असेच झाले. रंकाळ्याकडून येणारी ओल आणि आठ दिवसांची झड. एका गॅरेजने आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग कॉइल. तीन बिले झाली आणि गाडी होती तिथेच. शेवटी सत्तरी ओलांडलेले एक मेस्त्री आले. त्यांनी वर सांगितलेली चाचणी केली; ठिणगी सणसणीत होती. एक प्लग काढून लोखंडाला टेकवला. तिथे काहीच नाही. म्हणजे दाब डेल्कोपर्यंत येत होता आणि पुढे जात नव्हता. त्यांनी वायर पुन्हा बसवली आणि म्हणाले, "लाइट घालवा जरा. दिसंल आपोआप." अंधारात स्टार्टर फिरला तेव्हा झाकणाच्या मधल्या टोकापासून कडेच्या क्लिपेपर्यंत निळसर सुरवंट सरकताना आम्ही सर्वांनी पाहिला. झाकणाला केसाएवढा तडा होता. त्यात ओल आणि धूळ बसून कोळशाची रेघ तयार झाली होती, आणि सगळा दाब तिथूनच परस्पर लोखंडात उतरत होता. मेस्त्रींनी ती रेघ चाकूच्या टोकाने खरवडली, झाकण कोरडे केले आणि घरातून नेलपॉलिश मागवून तड्यावर फिरवले. ते वाळल्यावर गाडी पहिल्याच फेऱ्यात बोलली. नवे झाकण मिळेपर्यंतची ही सोय आहे, हेही त्यांनी बजावले.

सुटे भाग बदलत जाणे ही दुरुस्ती नव्हे. ती सोडत आहे. कधीतरी आपला आकडा लागतोच, आणि लागला की तो भागच दोषी होता असे सिद्ध झाल्यासारखे वाटते. नव्या गाड्यांना संगणक लावून दोषाचा संकेतांक वाचता येतो, त्यामुळे हा प्रश्न मिटला असे काही जण म्हणतात. आम्ही इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या विरोधात नाही. ते पॉइंटांपेक्षा कितीतरी विश्वासू आहे. परंतु 'पी०३००' हा संकेतांक इंजिन ठोके चुकवते आहे एवढेच सांगतो. का चुकवते, हे शोधायला पुन्हा तोच मेस्त्री आणि तीच साखळी.

'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. तिथे त्याचा अर्थ उस्ताद आणि गुरू असा दोन्ही होतो. आपण त्यातला गुरू गाळला. कोल्हापूरने तरी तो गाळायला नको होता. परदेशी यंत्र उघडून, समजून घेऊन, स्वतःचा चित्रपट कॅमेरा घडवणारे बाबूराव पेंटर इथलेच, आणि त्यांचे आडनाव मेस्त्रीच होते. पुढे उद्यमनगर उभे राहिले तेही अशाच हातांवर.

आज कौतुक होते ते गाडीचे. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा माणसे तिच्यासाठी ताटकळतात, आणि ते योग्यच आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणीही दिली. मुंबईत मात्र वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. मधल्या वयाच्या गाड्यांचे जे व्हायचे ते होईल. त्या घडवणाऱ्या कारखान्यांची कागदपत्रे आणि पुस्तिका निदान कुठेतरी कपाटात आहेत. अंधार करून तडा शोधणाऱ्या माणसाचे काहीच कुठे लिहिलेले नाही. आपली विद्यापीठे शेतीच्या, मासेमारीच्या, कुंभारकामाच्या परिभाषा जमवतात. गॅरेजकडे कुणी वही घेऊन गेल्याचे आम्ही पाहिलेले नाही. शिवाजी पेठेपासून उद्यमनगर फार तर अर्ध्या तासाची चाल आहे, आणि सत्तरी ओलांडलेली अशी माणसे तिथे अजून सकाळी दुकान उघडतात. "सुरू होत नाही म्हटल्यावर तुम्ही आधी काय बघता?" एवढ्या एका प्रश्नावर त्यातला प्रत्येक जण तासभर बोलेल.