क्रीडांगण : चोवीस नंबरची पोरगी

सॉफ्टबॉल आपल्या पोरींना शाळेच्या जिल्हा स्पर्धांमुळे ठाऊक असतो. चेंडू खांद्यावरून नव्हे, कमरेजवळून हात फिरवून टाकायचा. पिचर आणि बॅटर यांच्यात अंतर 43 फूट, सामना सात इनिंगचा. अमेरिकेतील कॉलेजांच्या मुली हाच खेळ खेळतात. तेथे 2025 च्या हंगामात टेक्सास टेक विद्यापीठाच्या संघाने मोठी मजल मारली.

हा संघ त्याआधी राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठ संघांत कधीच पोहोचला नव्हता. जेरी ग्लॅस्को हे प्रशिक्षकही नवीनच आलेले. त्या वर्षी संघाने 54 सामने जिंकले, 14 हरले, आणि उपांत्य सामन्यात सलग चार वर्षे विजेत्या असलेल्या ओक्लाहोमाला 3-2 असे घरी पाठवले.

या संघाची पिचर नायजरी कॅनेडी. कृष्णवर्णीय कुटुंबातली, कॅन्सस राज्यातील टोपेका गावची. काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे बेकायदेशीर, असा निकाल 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात दिला, तो याच टोपेकाच्या शाळामंडळाविरुद्धचा. 2024 साली ती देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली होती. मग स्टॅनफर्ड सोडून ती टेककडे आली. करार 10,50,024 डॉलरचा, म्हणजे सुमारे पावणेनऊ कोटी रुपये! दहा लाख खेळाचे, पन्नास हजार राहण्या-खाण्याचे आणि वरचे 24 डॉलर तिच्या जर्सीच्या नंबराचे. कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवायची मुभा 2021 पासून मिळाली. विद्यापीठाच्या चाहत्यांनी निधी उभा केला. पोरीला एवढा पैसा कशाला, असे म्हणणारे तेथेही निघालेच. मुलाला मिळाला असता तर कुणी विचारले असते?

अंतिम फेरी टेक्सास विद्यापीठाशी, तीन सामन्यांची. 4 जूनच्या पहिल्या सामन्यात सहाव्या इनिंगपर्यंत टेक 1-0 ने पुढे. दोघी धावपटू बेसवर, समोर बॅटर रीस अ‍ॅटवुड. हिला मारायला चेंडूच द्यायचा नाही, मुद्दाम बाहेर टाकून फुकटचा बेस देऊन टाकायचा, असे टेकने ठरवले. पण एक चेंडू पुरेसा बाहेर गेला नाही. अ‍ॅटवुडने तो डावीकडे फटकावला. दोन धावा, सामना 2-1 ने टेक्सासकडे. नायजरीची चूक खरी, पण अ‍ॅटवुड सावध उभी होती म्हणूनच ती चूक दिसली. दुसरी बॅटर असती तर बॅट खांद्यावर ठेवून वाट पाहत राहिली असती.

एवढ्या लोकांदेखत चूक झाल्यावर रात्री झोप लागते का? दुसऱ्या दिवशी नायजरी पुन्हा उभी राहिली आणि संघ 4-3 ने जिंकला. शेवटच्या आठ संघांच्या स्पर्धेत तोवर टेककडून पडलेला प्रत्येक चेंडू तिच्या एकटीच्या हातचा होता.

6 जूनला मात्र हात थकला. पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा गेल्या आणि प्रशिक्षकांनी तिला बाहेर घेतले. पुढे गुडघ्याचा बंध फाटलेला असतानाही टेक्सासच्या मिया स्कॉटने तिन्ही बेस भरलेले असताना होमरन ठोकला. 10-4. टेक्सासचे हे पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद.

नायजरी पुढच्या वर्षासाठीही टेककडेच राहिली. करार पुन्हा दहा लाख डॉलरच्या वरचा.