संप, बॅटरी आणि वरचा फ्लोट

मराठी माणसाला 'संप' म्हटलं की १९८२ चा गिरणी कामगारांचा संप आठवतो. बंगळुरूत संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. बेसमेंटच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यालाही इथे संपच म्हणतात. झिरपलेलं आणि पावसाचं पाणी त्यात गोळा होतं आणि पंप ते बाहेर फेकतो. वीज गेली की हा पंप खरोखरच संपावर जातो.

सध्याचं पोस्टिंग बंगळुरूचं. बायकोची नोकरी व्हाइटफील्डला, म्हणून घरही इथेच. इकडचं पाणी वर्तूर तलावाकडे उतरतं, पण वाटेतले ओढे-नाले बरेचसे काँक्रीटखाली गेलेत. आणि आपण गाड्या ठेवायला नेमक्या त्याच जमिनीत खोल उतरलोय. मुसळधार पाऊस आणि वीज जाणं ही जोडी तर ठरलेलीच.

आमच्या सोसायटीत यावर ठरलेलं उत्तर होतं, "साहेब, जनरेटर आहे ना!" जनरेटर वर आवारात आहे हे खरं, पण त्याचं पॅनेल बेसमेंटमध्ये. अशी रचना मी इतर ठिकाणीही पाहिली आहे. आणि जनरेटर सुरू असला, तरी गुडघाभर पाण्यात २३० व्होल्ट चालू ठेवायचे का, हा खरा प्रश्न आहे. मे २०२५ च्या पावसात बीटीएम लेआउटमधल्या एका अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये विजेचा धक्का बसून पाणी उपसायला गेलेले ६३ वर्षांचे रहिवासी गेले, आणि १२ वर्षांचा एक मुलगाही गेला. बेसमेंटमध्ये पाणी भरलं की आधी मेन स्विच पाडायचा, हे शहाणपण. पण स्विच पाडला की पंप बंद, आणि पाणी चढतच राहतं.

म्हणून माझं मत असं, की बेसमेंटच्या पंपाचा राखीव गडी २३० व्होल्टवर चालणारा नसावाच. तो १२ व्होल्टचा असावा, म्हणजे मेन स्विच बिनदिक्कत पाडता येतो आणि पाणीही उपसलं जातं. त्यासाठी बोटींच्या तळातलं पाणी काढणारा डीसी पंप मिळतो. मीटिंगमध्ये कुणीतरी इन्व्हर्टरचं सुचवलं. पण साध्या पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेवढ्यासाठी मोठा इन्व्हर्टर घ्या, खर्च वाढवा, आणि शेवटी खड्ड्यात पुन्हा २३० व्होल्टच.

शेजारच्या विंगमध्ये ईएमईतून निवृत्त झालेले सांगलीचे सुभेदार साहेब राहतात. हे काम आम्ही दोघांनी केलं. १०० अँपिअर-अवरची बॅटरी, चार्जर, पंप, फ्लोट स्विच, पाइप, वायर असं सगळं मिळून खर्च वीस हजारांच्या आत बसला. पंप आठेक अँपिअर घेतो. बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली, तरी सलग सहा तास निघतात, आणि खड्डा भरेल तसा थांबून-थांबून चालला तर त्याहून खूप जास्त. पंपाच्या डब्यावर ताशी साडेसात हजार लिटर छापलंय, पण तो आकडा पाणी वर न चढवता मोजलेला. साहेबांनी वर नाल्यापाशी वीस लिटरची बादली धरली आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. चोवीस सेकंद. म्हणजे मिनिटाला पन्नास लिटर, ताशी तीन हजार. झिरपण्याला आणि उताऱ्यावरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याला तेवढं पुरतं. तलावच आत शिरला तर बिचारा पंप काय करणार!

आता मुद्दा 'ऑटोमॅटिक'चा. आमच्या साताऱ्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल नाही. रात्री-अपरात्री वीज आली की विहिरीवरचा पंप आपोआप सुरू व्हावा, म्हणून तो कधीचा 'ऑटो' बसवून मोकळा झालाय. वीज आली की गावातले सगळे पंप एकदम उठतात आणि डीपीवर ताण येतो, म्हणून महावितरण 'ऑटो काढा, कपॅसिटर लावा' असं सांगत असते, ती गोष्ट वेगळी. पण ऑटोला वीज दिसते, पाणी दिसत नाही. इलेक्ट्रिशियनही आम्हाला तसंच काहीसं सुचवत होता: वीज गेली की रिलेने बॅटरीचा पंप जोडायचा. साहेब म्हणाले, "सर, वीज असेल आणि मोठा पंपच अडकला असेल तर?" म्हणून रिले नाहीच. खड्ड्यात मोठ्या पंपाच्या फ्लोटपेक्षा वीतभर वर दुसरा फ्लोट. पाणी तिथवर चढलं की छोटा पंप सुरू. वीज गेली, फ्यूज उडाला की पंपात चिंधी अडकली, याची चौकशी तो करत बसत नाही.

बाकी काही गोष्टींवर साहेब हटून बसले. बॅटरी आणि चार्जर पहिल्या मजल्याच्या जिन्याशी, हवा खेळती असेल तिथे. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज, कारण १२ व्होल्टचा झटका बसत नसला तरी शॉर्ट झाला तर वायर पेटते. दोन्ही पंपांच्या पाइपांना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर एकाने उपसलेलं पाणी दुसऱ्यातून परत खड्ड्यात. आणि वायर सहा स्क्वेअर मिलिमीटरची. दीडची लावली तर दहा मीटर अंतरातच जवळपास दोन व्होल्ट गळतात, आणि बारातले दोन गेले की पंप रडतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये मंड्या जिल्ह्यातल्या टी. के. हळ्ळीच्या पंपघरात पुराचं पाणी शिरलं आणि बंगळुरूचा कावेरीचा पुरवठा अडला. शहराला पाणी पुरवणारे पंप पाण्यानेच बंद पाडले. बॅटरी कुठे ठेवायची यावर मीटिंगमध्ये वाद झाला, तेव्हा मी एवढंच सांगितलं.

युनिटमध्ये सिग्नलच्या सेटच्या बॅटऱ्या लढाईची वाट पाहत चार्ज होत नाहीत, त्यांचा रोस्टर असतो. इथेही तसाच लावलाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठ्या पंपाचा स्विच बंद करायचा, खड्ड्यात होजने पाणी सोडायचं, छोटा पंप उठतो का बघायचं, बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहायचं आणि मोठ्या पंपाचा स्विच आठवणीने पुन्हा चालू करायचा. सही वॉचमनची. सेक्रेटरींनी आधी याला खेळणं म्हटलं होतं. आता लिफ्टच्या खड्ड्यासाठी दुसरं मागितलंय.