नांगर सुटला, ताट मात्र तेंच राहिलें

आमच्या सांगवीस पवनेच्या काठीं एके काळीं मळे होते, हें आज तेथील उंच इमारती पाहणाऱ्यास सांगूनहि खरें वाटणार नाहीं. पिंपरीस 1954 सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, 1982 सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, आणि पुढें पाहतां पाहतां कारखान्यांची रांग चाकणपर्यंत जाऊन पोंचली. आम्हीं महसूल खात्यांत तीसांहून अधिक वर्षें कारकुनी केली. नमुना बारामध्यें प्रथम बाजरी, ज्वारी, हरभरा अशा नोंदी असत. मग 'पड' आली, आणि शेवटीं 'बिनशेती'. जमिनीचा हा फेरफार आम्हीं स्वहस्तें कागदावर चढविला. परंतु त्याच जमिनीच्या मालकाच्या देहांत जो फेरफार होत होता, त्याची नोंद ना आम्हीं घेतली, ना त्यानें.

ती नोंद आमच्यापुरती तीन वर्षांपूर्वीं झाली. पायास साधी ठेच लागली, ती दीड महिना भरून येईना. रक्त तपासलें, तों उपाशीपोटीं साखर 180 निघाली. 126 वा त्याहून अधिक भरली कीं मधुमेह समजतात. आम्ही अंगानें सडपातळ. मधुमेह हा गादीवर बसणाऱ्या लठ्ठ माणसाचा रोग, मातींत वाढलेल्यास तो शिवत नाहीं, अशी आमची पक्की समजूत होती. हीच समजूत आमच्या बहुतेक वाचकांची असेल, म्हणून हा लेख लिहीत आहों.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांचीं बालकें यांचा अभ्यास चालविला. तेथें जन्मणारें मूल इंग्लंडांतील मुलापेक्षां सरासरीनें सुमारें 800 ग्रॅम हलकें. परंतु त्याच्या अंगीं मांस जितकें कमी, तितकी चरबी कमी नाहीं, असें आढळून आलें. पुढें 2004 सालीं याज्ञिकांनीं स्वतःचें व आपले इंग्रज सहकारी डॉ. यूडकिन यांचें माप 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि 22.3, पण यूडकिनांच्या अंगांत चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगांत 21.2 टक्के! तात्पर्य, बारीक दिसणें हा निरोगीपणाचा दाखला नव्हे. आमची चरबी पोटाच्या आंत लपते. म्हणून आपल्या लोकांनीं वजनकांट्याबरोबर कमरेची फीतहि वापरावी. पुरुषाची कंबर 90 व स्त्रीची 80 सेंटिमीटरांच्या वर गेली, कीं सावध व्हावें.

आतां, हें आपल्याच पिढीस इतकें कां भोंवावें? याचें उत्तर साध्या हिशेबांत आहे. एक एकर रान नऊ इंचांच्या तासानें नांगरावयाचें, तर नांगरामागें अकरा मैल, म्हणजे जवळजवळ पावणेअठरा किलोमीटर चालावें लागतें. शंका असेल त्यानें गुणाकार करून पाहावा. आमच्या वडिलांच्या चार भाकरी त्या अकरा मैलांसाठीं होत्या. आज ट्रॅक्टरवाला तासाच्या भाड्यानें नांगरून जातो, विहिरीवरचा पंप घरबसल्या मोबाइलवरून सुरू होतो, आणि मालक बांधापर्यंत मोटारसायकलीनें जातो. कष्ट कमी झाले हें चांगलेंच झालें. त्या कष्टांचे गोडवे आम्ही गात नाहीं. परंतु खर्च सुटला असतां जमा तीच चालू ठेवली, तर शिल्लक कोठें तरी सांठणारच. ती पोटावर सांठते.

'आमचे आजोबा तूप-गूळ खाऊन नव्वद वर्षें जगले,' असें पुष्कळजण सांगतात. त्यावर आमचें म्हणणें एवढेंच, कीं आजोबांचें ताट घ्यावयाचें तर त्यांचा नांगरहि घ्यावा. शिवाय जे नव्वद वर्षें जगले तेच आठवणींत राहतात. चाळिशींत गेले त्यांचें नांव कोणी काढीत नाहीं.

चहाचा हिशेब त्याहून वाईट आहे. दारीं आलेल्यास चहा आणि त्याच्याबरोबर आपणहि, असे दिवसाचे सहा पेले सहज होतात. पेल्यास दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे, म्हणजे पन्नास ग्रॅमांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें सबंध दिवसाची साखर पंचवीस ग्रॅमांच्या आंत असणें बरें. गुळाचा चहा घेऊन आपण सुटलों असें ऊंस पिकविणाऱ्यांनीं तरी समजूं नये. गूळ ही साखरच आहे. तीच गोष्ट भाकरीची. 2023 हें भरडधान्य वर्ष झाल्यापासून ज्वारी-बाजरीस पुन्हां मान आला, याचा आम्हांस आनंद आहे. पॉलिश केलेल्या तांदुळापेक्षां ती निःसंशय बरी, कारण तिच्यांत कोंडा राहतो. पण भाकरी औषध नव्हे. बसून खाल्लेल्या चार भाकरीहि साखर वाढवितातच.

आम्हीं काय केलें तें सांगतों. तीन भाकरींच्या दोन केल्या, उसळ व पालेभाजी दुप्पट केली, चहा दोन वेळां आणि बिनसाखरेचा ठेवला, व रात्रीचें जेवण झाल्यावर अर्धा तास चालूं लागलों. जेवणानंतर चाललें असतां पायांचे स्नायू रक्तांतील साखर खर्च करतात, असें डॉक्टर सांगतात. आठवड्यास निदान दीडशें मिनिटें झपझप चालावें आणि दोन दिवस स्नायूंस जोर पडेल असा व्यायाम करावा, असें शास्त्र आहे. या दुसऱ्या कामास आम्ही सूर्यनमस्कार घालतों. सातारकडील औंध संस्थानचे (मुळेपलीकडील आमच्या शेजारचें औंध तें निराळें) अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कार आपल्या शाळांत चालू केले, तेव्हां कित्येकांनीं त्यांची थट्टा केली असेल. आज ती थट्टा महाग पडत आहे. ज्यांचे गुडघे वा छाती दुखते त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. आणि जे गोळ्या वा इन्सुलिन घेतात त्यांनीं जेवण एकदम तोडूं नये, साखर उतरून घेरी येते. सहा महिन्यांत आमची साखर ताब्यांत आली. गोळी मात्र अद्याप सुटलेली नाहीं.

आमची संस्थेस एक सूचना आहे. मावळ, मुळशी, खेड व हवेलींतील सभासद वार्षिक सभेस येतात, हिशेब तपासतात, जेवतात आणि जातात. त्याच दिवशीं सकाळीं दारांत एक फीत व रक्त तपासणारा एक माणूस बसवावा, आणि सभासदांनीं घरच्या मंडळींसहि बरोबर आणावें, कारण घरांतील स्त्रियांची साखर सहसा कोणी पाहतच नाहीं. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी व्हावी. खर्च जेवणावळींतील गोडाच्या खर्चाहून फार होणार नाहीं. मातीची तपासणी करून खत घालावें, हें आपण एकमेकांस आग्रहानें सांगतों. तोच न्याय स्वतःच्या देहास लावावयास हरकत कोणती? आणि ज्यांची जमीन अजून शिल्लक आहे, त्यांनीं रोज सकाळीं गाडी घरीं ठेवून बांधावरून पायीं फिरावें. पिकाची पाहणी होईल, आणि मालकाचीहि.