घोटे आणि फुकटचे सल्ले

"घोट्यांची चरबी? लायपोसक्शन कशाला, जिने चढ की!" परवा कुर्ला स्टेशनच्या पुलावर मैत्रिणीला हे ऐकवलं. "चढतेच रे, पाय ठणकतात," ती म्हणाली. घरी येऊन वाचलं आणि ओशाळलो.

लायपेडेमा नावाचा विकार आहे. १९४० साली मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलन आणि हाइन्स यांनी तो नोंदवला. बहुतेक बायकांनाच होतो. पाय घोट्यापर्यंत जाड, दुखरे. पावलं मात्र नॉर्मल. डाएटने ही चरबी फारशी हटत नाही. तिथे लायपोसक्शन हा नखरा नव्हे, उपचार आहे. पण बोटाने दाबून खड्डा राहिला, तर तिथे पाणी साठलंय; हृदय, किडनी, शिरा तपासायला हव्यात.

म्हणजे आधी तपासणी, मग सर्जरी. आणि आपले फुकटचे सल्ले? डिलीट! असो.