गस्तीच्या गाडीचा जमाखर्च

आषाढी वारीचे दिवस सोडले तर माळशिरसकडे बाहेरच्या कोणाचें लक्ष जाण्याचें कारण पडत नाहीं. श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुत्याहून निघून येथें मुक्कामास येते व पुढें वेळापुराकडे जाते. ही वाट आतां दिवेघाट ते मोहोळ या पालखीमार्गांत मोडते. त्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजीं बसली, आणि रस्ता जसजसा रुंद होत गेला तसतसा मोटारींचा वेगहि वाढला. बिघडलेल्या गाड्यांच्या मदतीसाठीं अशा महामार्गांवर जी गस्तीची गाडी फिरते, तिचा खर्च वसूल होतो काय, हा आमच्या ओसरीवरील अलीकडचा वाद. आमच्या पुतण्याचें म्हणणें असें कीं, घरोघर दूरध्वनि असतां रिकामी गाडी रात्रंदिवस फिरविणें म्हणजे नुसतें डिझेल जाळणें. पुतण्या हिशेबतपासनीस आहे, तेव्हां ही शंका हसण्यावारी नेतां येत नाहीं.

आधीं खर्च पाहूं. आठवड्याचे तास १६८. एका माणसानें ४८ तास काम केलें तर एक जागा भरण्यास साडेतीन माणसें लागतात. रजा व दुखणीं धरून चार. गाडीवर दोघे हवेत, म्हणजे एका गाडीमागें आठ पगार. त्यांत गाडीची झीज. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानें २०२४ सालीं 'राजमार्ग साथी' या नांवानें गस्तीच्या गाड्यांचे नवे नियम केले. त्यांत ३ लाख किलोमीटर धांवलेली किंवा ३ वर्षें वापरलेली गाडी बदलावी असें आहे. दोन्ही मर्यादा एकदम गांठावयाच्या तर रोजचे सुमारें २७५ किलोमीटर होतात. क्रेन व रुग्णवाहिका निराळ्याच. खर्च थोडा नव्हे, हें आम्हांस मान्य आहे.

आतां लाभ. अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें १९९१ सालीं अशी गस्त सुरू झाली. तिचा लाभ तिकडे मुख्यतः वांचलेल्या वेळावरून व इंधनावरून मोजतात. एका बंद गाडीमागें हजारों मोटारी खोळंबतात. ती दहा मिनिटें आधीं बाजूस काढली तर किती तास वांचले व त्या तासांचें मोल किती, असा तो हिशेब. बोरघाटांत एखादा कंटेनर आडवा पडल्यावर काय होतें हें ज्यानें भोगलें आहे, त्याला तो पटेल. पण हेंच माप माळशिरसास लावलें तर गस्त साफ नापास होईल. येथें बंद गाडीमागें रांग लागत नाहीं. मागून येणारा वळसा घालून निघून जातो. धोका नेमका तेथेंच आहे. रांग नाहीं म्हणूनच वेग आहे.

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आम्ही घरचीं सात माणसें पंढरपुराहून रात्रीं परतत होतों. गाडी हाच पुतण्या चालवीत होता. वेळापूर मागें पडल्यावर एकाएकीं समोर उंसाची ट्रॉली दिसली. तिचा आंस मोडला होता, मागें दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती. चाकांभोंवतीं पांच-सहा दगड व एक बाभळीची फांदी, एवढीच काय ती सूचना. पुतण्यानें गाडी कशीबशी वळविली. मागच्या आसनावर आमची सूनबाई लहान नातीला घेऊन बसली होती. घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाहीं. दुसरे दिवशीं त्या वाटेनें गेलों तों ट्रॉली नव्हती. दगड मात्र जागच्या जागीं होते.

आणि सांगावयास लाज वाटते ती गोष्ट ही कीं, त्या रात्रीं आमच्यापैकीं कोणीहि दूरध्वनि केला नाहीं. महामार्गाचा १०३३ हा क्रमांक चार आंकड्यांचा. तो पुतण्यास पाठ होता. पण कोणास लागलें नव्हतें, कांहीं घडलें नव्हतें; मग कळवावयाचें काय? आमच्या आधीं गेलेल्या दहा-वीस गाड्यांनींहि हाच विचार केला असेल.

पुतण्याच्या बाजूनें एक गणित आम्हींच मांडलें. ५० किलोमीटरांच्या टप्प्यावर गाडी तासीं ५० किलोमीटर वेगानें येजा करीत राहिली, तर अडलेल्यास सरासरी ४० मिनिटें वाट पाहावी लागते. तीच गाडी मध्यावर उभी ठेवून दूरध्वनि येतांच पाठविली, तर सरासरी १५ मिनिटांत पोंचते. येथें पुतण्या निर्विवाद जिंकतो. मात्र दूरध्वनि कोणी केलाच नाहीं तर ते १५ मिनिट सुरूच होत नाहींत. अपघात लोक कळवितात. उभी ट्रॉली कोणी कळवीत नाहीं. तिला शोधावें लागतें, आणि शोधणारा फिरता असावा लागतो. १५ ऑक्टोबर २०२३ रोजीं मध्यरात्रीनंतर समृद्धि महामार्गावर वैजापुराजवळ यात्रेकरूंची गाडी उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली व १२ जण गेले. २०२२ सालीं महाराष्ट्रांत रस्त्यांवर १५,२२४ माणसें मेलीं, त्यांत अशीं किती असतील!

न्यायशास्त्रांत अभाव हा सातवा पदार्थ मानिला आहे. पाठशाळेंत असतां आम्हांस तो शब्दच्छल वाटे. आतां त्याचें प्रयोजन कळतें. गस्तीची जमा म्हणजे न झालेला अपघात, आणि त्याची पावती कोणी फाडीत नाहीं. परंतु अभावालाहि प्रतियोगी लागतो, कशाचा अभाव हें सांगावें लागतें. म्हणून गस्तीच्या नोंदवहींत किती गाड्यांस मदत केली एवढेंच न लिहितां, ती गाडी सांपडण्यापूर्वीं किती वेळ अंधारांत उभी होती व मागें किती दगड राहिले होते, हेंहि लिहावें. मग तिची किंमत ठरवितां येईल.

बारा महिने अष्टौप्रहर फिरणें या भागांत परवडणार नाहीं, असें आमचेंहि मत झालें आहे. सदाशिवनगर, अकलूज, श्रीपूर येथील गाळप चालू असतां दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत गाडी फिरती ठेवावी. वारीच्या पंधरवड्यांत अखंड. एरवीं मध्यावर उभी. महामार्ग पोलिसांनीं २०२१ सालीं 'मृत्युंजय दूत' योजनेंत धाब्यांवरील व पेट्रोलपंपांवरील माणसांस प्रथमोपचार शिकविण्यास आरंभ केला. त्यांनाच उभी गाडी कळविण्याचें काम द्यावें. त्याला पगार लागत नाहीं.

हें टिपण पुतण्यास दाखविलें. त्यानें ४० मिनिटांचें गणित पुन्हां करून पाहिलें, बरोबर आलें. मग म्हणाला, "काका, कारखान्याच्या काट्यावर वजन करतांनाच ज्या ट्रॉलीला मागें चमकती पट्टी नसेल तिला ती लावून घेतली, तर तुमच्या गस्तीचें अर्धें काम वांचेल. खर्चांत ती पट्टीहि धरा." ती आम्हीं धरली आहे.