तांदळांत लिहिलेलें नांव

बारशाचा दिवस जवळ येऊं लागला कीं घरोघरीं एक गोड भांडण सुरू होतें. आजोबांना घराण्यांतलें एखादें नांव पुढें चालवावयाचें असतें, आत्याबाईंनीं आपल्या पसंतीची यादी आधींच करून ठेविलेली असते, आणि आईबाप मात्र कोठेंही न ऐकलेलें असें दोन-तीन अक्षरांचें कांहींतरी शोधीत असतात. गेल्या कांहीं वर्षांत या भांडणाला निराळें वळण लागलें आहे. जुनें नांव हवें, असा हट्ट आतां पुष्कळदां तरुण मंडळीच धरूं लागली आहेत. आरव, विहान, अन्वी, कियारा या नांवांची चलती अजून आहेच; पण त्यांच्या शेजारच्या पाळण्यांत आज केशव, माधव, राघव निजलेले आढळतात, आणि मुलींत रमा, उमा, राधा, मुक्ता, सई, जानकी, अहिल्या हीं नांवें पुन्हां कानांवर पडतात. सोलापुरांतही हेंच दिसतें. ज्या नांवांना दोन पिढ्यांपूर्वींच्या मुली वर्गांत हजेरी देतांना संकोचत, तींच आज हौसेनें ठेविलीं जात आहेत. या जुन्या नांवांच्या परत येण्याचा थोडा विचार या महिन्यांत करावा असें आम्हांस वाटतें. प्रश्न केवळ हौसेचा नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, आपण ज्यांना सरसकट जुनीं म्हणतों तीं नांवें एका काळचीं नव्हेत. एकोणिसाव्या शतकांत आमच्या घरांतून मुलगे गोविंद, नारायण, विष्णु, लक्ष्मण असत, आणि मुली गंगा, यमुना, गोदावरी, काशी. मुलाला हांक मारतांना देवाचें नांव तोंडीं यावें, मुलीला हांक मारतांना तीर्थाचें स्मरण घडावें, हा त्यांतील हेतु. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कमल, विमल, कुसुम, नलिनी, आणि वसंत, शरद, मधुकर, प्रभाकर यांची लाट आली. गंगा-यमुनांना त्या वेळीं हीं नांवें कादंबरींतलीं वाटलीं असल्यास नवल नाहीं. त्यानंतर संजय व सुनीता आलीं. १९७३ सालीं कवि रमेश तेंडुलकर यांनीं आपल्या मुलाचें नांव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून सचिन असें ठेविलें, आणि एका बंगाली संगीतकाराचें नांव पुढें मराठी घरांत घरचेंच होऊन बसलें. तात्पर्य, प्रत्येक जुनें नांव कधींकाळीं नवेंच होतें. आरव या नांवाला आज नाकें मुरडणारांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, पन्नास वर्षांनीं तें आजोबांचें नांव असणार आहे.

या वादांत शास्त्राचा आधार घेऊं पाहणारांचीही थोडी निराशाच होते. आश्वलायन गृह्यसूत्र सांगतें कीं, मुलाच्या नांवाचीं अक्षरें सम असावींत व मुलीच्या नांवाचीं विषम. ही कसोटी लाविली तर तीन अक्षरी केशव आणि दोन अक्षरी गंगा हीं दोघेंही नापास होतात. मुलीचें नांव सुखानें उच्चारतां येईल असें, स्पष्ट अर्थाचें, मनोहर, मंगल व शेवटीं दीर्घ स्वर असलेलें असावें, हें मनुस्मृतीचें सांगणें आजच्या तरुण आईलाही पटेल. परंतु त्याच ग्रंथांत, नदी, वृक्ष किंवा नक्षत्र यांचें नांव असलेली कन्या वधू म्हणून करूं नये, असेंही सांगितलें आहे. हा नियम आमच्या पूर्वजांनीं मानिला असता तर निम्म्याहून अधिक पणज्या अविवाहितच राहिल्या असत्या! नांवाच्या बाबतींत शास्त्रापेक्षां रूढि आणि रूढीपेक्षां जिव्हाळा श्रेष्ठ ठरत आला आहे, तो असा.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. सोलापूर हें मराठी, कानडी व तेलुगु या तीन भाषा नांदविणारें शहर. येथें नांव ऐकलें कीं घर ओळखूं येई. ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या भक्तांच्या घरीं सिद्रामप्पा व मल्लिकार्जुन असावयाचे, विणकरांच्या पेठेंत नरसय्या व व्यंकटेश. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांसावर गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे पाहा : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन. नुसतीं नांवें वाचलीं तरी चार निरनिराळीं घरें डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि तीं एका दिवशीं एका कारणासाठीं एकत्र आलीं हें त्या चार नांवांमुळेंच अधिक ठसतें. आजचा आरव मात्र कोणत्या पेठेंतला हें नांवावरून कळत नाहीं. हा लाभ आहे, आणि थोडी हानिही आहे. मुलाकडे त्याच्या जातीच्या चष्म्यांतून कोणी पाहूं नये हा लाभ. आणि आपण कोठले, ही खूण पुसट होते ही हानि. जुनीं नांवें आज परत बोलाविलीं जात आहेत तीं बहुधा ही पुसट खूण पुन्हां उजळावी म्हणूनच. सिद्धेश्वर हा सिद्धेश होऊन येतो. अहिल्या तर दुहेरी मानानें आली आहे. २०१९ सालीं येथील विद्यापीठास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव मिळालें, २०२४ सालीं शेजारचा नगर जिल्हा अहिल्यानगर झाला. आणि आतां तें नांव ऐकलें कीं पुराणांतील शिळेपेक्षां पराक्रमी राज्यकर्ती आधीं आठवते.

परंतु सर्वच जुनीं नांवें परत येत नाहींत, आणि येऊंही नयेत. धोंडो, केरो, दगडू, भिकाजी हीं नांवें आज कोणी ठेवीत नाहीं. आधींचीं मुलें दगावलीं म्हणजे पुढच्याला मुद्दाम असें नांव देत. मृत्यूनें त्याला दगड किंवा केर समजून टाकून जावें, हा त्यांतील केविलवाणा डावपेंच. शतकापूर्वीं हिंदुस्थानांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें दोनशें वर्षाच्या आंत जात. २०२० सालीं हा आंकडा देशांत २८ वर व महाराष्ट्रांत १६ वर आला होता. ज्या भीतीनें तीं नांवें जन्मास घातलीं ती भीतीच ओसरली. महर्षि धोंडो केशव कर्वे त्या नांवानें एकशें चार वर्षें जगले व तें नांव वंदनीय झालें, हा त्यांचा मोठेपणा. याहून वाईट नांव नकुशी. मुलीवर मुलगी झाली कीं तिला हें नांव देऊन देवाला आपली नापसंती कळविण्याची चाल होती. २०११ सालच्या ऑक्टोबरांत सातारा येथें समारंभ करून अडीचशेंहून अधिक नकुशींना त्यांच्या पसंतीचीं नवीं नांवें देण्यांत आलीं. मुलीला आपलें नांव स्वतः निवडतां आलें तर ती काय मागते, हें त्या दिवशीं दिसलें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. सुनेनें सासऱ्याचें नांव उच्चारावयाचें नाहीं, म्हणून त्या नातवाला घरांत बाळ, बापू, नाना म्हणावयाचें, एवढीच अडचण. लोकमान्य टिळकांचें पाळण्यांतलें नांव केशव होतें, बाळ हें घरांतलें. वंशावळ उघडली कीं पुरुषांच्या नांवांची ही सांखळी सहज हातीं लागते. परंतु पणजीचें नांव पणतीला ठेवावयाचें म्हटलें तर तें कोणतें?

बारशाच्या दिवशीं ताटांत तांदूळ पसरून त्यांत सोन्याच्या अंगठीनें बाळाचें नांव लिहितात. मुलाचें नांव असें एकदांच लिहिलें जातें. मुलीचें आणखी एकदां लिहिलें जाई, तें लग्नांत, लक्ष्मीपूजनाच्या वेळीं, सासरच्या तांदळांत. आणि तें बहुधा निराळें असे. आनंदीबाई जोशी, ज्यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत वैद्यकीची पदवी मिळविली, त्या माहेरच्या यमुना. न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक या मनकर्णिका होत्या, आणि बाया कर्वे, म्हणजे सासरच्या आनंदीबाई, या गोदूबाई. मौज अशी कीं, १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ कादंबरीची नायिका यमुना, आणि हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील नायिकाही यमुना. कादंबऱ्यांतल्या दोन यमुना टिकल्या. प्रत्यक्षांतल्या दोघींचें तें नांव सासरीं मागें पडलें.

सासरचें नांव पुष्कळदां नवऱ्याच्या नांवाशीं जुळवून ठेवीत. नारायणरावांची लक्ष्मी, शंकररावांची पार्वती, रामचंद्रपंतांची जानकी. म्हणून आज एखादें हौशी जोडपें वंशावळींतून पणजीचें जानकी हें नांव शोधून आणतें, तेव्हां पुष्कळदां तें पणजीचें नसून पणजोबांच्या नांवाचा पडसाद असतें. ज्या नांवानें तिला तिच्या आईनें हांक मारली, मैत्रिणींनीं अंगणांत बोलाविलें, तें त्या वंशावळींत नसतेंच.

सासरचें नांव तिचें नव्हे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. त्या नांवानें तिनें पन्नास-पन्नास वर्षें संसार केला, मुलें वाढविलीं, दुःखें सोसलीं. कित्येकींनीं त्याच नांवानें कीर्ति मिळविली. आनंदी हें नांव ज्याला आपल्या मुलीला ठेवावेंसें वाटेल त्यानें तें अवश्य ठेवावें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दोन्ही नांवें माहीत असावींत आणि मग निवड व्हावी. आज आपल्या घरांत ज्या ऐंशी-नव्वदीच्या आजीबाई आहेत, त्यांच्यांतील कित्येकींचीं नांवें लग्नांत बदललेलीं आहेत. त्यांच्या जन्माचा दाखला बहुधा नसतो. माहेरचीं वडील माणसें केव्हांच गेलीं. तें पहिलें नांव आतां एका त्यांच्याच स्मरणांत उरलेलें असतें, आणि विचारल्यावांचून त्या सांगत नाहींत. त्या गेल्या कीं तें नांव कोणत्याही दप्तरांत शोधून सांपडावयाचें नाहीं.

काळाची पावलें याच दिशेनें पडत आहेत. लग्नांत नांव बदलण्याची चाल सुशिक्षित घरांतून मागें पडत चालली आहे. कित्येक ठिकाणीं तांदळांत वधूचें जन्मनांवच पुन्हां लिहितात, आणि विधि तसाच राहूनही त्याचा अर्थ पालटतो. १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठीं महाराष्ट्र शासनानें असा क्रम ठरविला आहे कीं, सरकारी कागदपत्रांत प्रथम मुलाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें आणि शेवटीं आडनांव यावें. आईचें नांव आतां मुलाच्या नांवाला लागूनच चालणार. या संबंधांत सोलापूरच्या एका सुपुत्राचें उदाहरण आठवतें. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालीं येथें झाला. १९३८ सालीं ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्यें गेले, तेथेंच त्यांनीं क्वो छिंगलान या परिचारिकेशीं विवाह केला, आणि १९४२ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. त्या वर्षीं जन्मलेल्या त्यांच्या मुलाचें नांव होतें यिनहुआ. त्यांतील यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. बापाचा देश आणि आईचा देश, दोन्ही त्या एका नांवांत शेजारीं शेजारीं बसले. इतकें सुंदर नांव सर्वांनाच सुचेल असें नाहीं. परंतु नांवांत आईची बाजू यावी, ही त्यामागची भावना कोणत्याही घराला परकी नाहीं.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आंत करावी लागते, म्हणून नांवाचीही घाई केली जाते. तशी घाई करण्याचें कारण नाहीं. जन्माची नोंद नांवावांचूनही होते. नांव पुढें वर्षाच्या आंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालतां येतें. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत हाच दाखला दाखवावा लागणार असल्यामुळें, जें घालाल तें विचारपूर्वक व शुद्ध लिहून घाला. मधल्या दिवसांत याद्या अवश्य चाळा, राशीचें अक्षर पाहावयाचें तर तेंही पाहा. पण त्याआधीं एका संध्याकाळीं आजींच्या जवळ बसून, तुम्हांला माहेरीं काय म्हणत, एवढें विचारा. सांगतील तें नांव नव्या बाळाला ठेवावयाचें कीं नाहीं, हें मागाहून ठरवितां येईल. वंशावळींत त्यांच्या सासरच्या नांवापुढें तें त्याच दिवशीं शाईनें लिहून ठेवावें.