ताठ आणि मऊ

मोटारीचे इंजिन सांगाड्यावर थेट ठोकलेले नसते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. मध्ये रबराची उशी असते. मेकॅनिक तिला ‘माउंटिंग’ म्हणतात. गिअरबॉक्सखालीही तशीच एक. १९३१ साली अमेरिकेत प्लिमथ गाडीने ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने चार सिलिंडरांची थरथर अशा रबरावर झेलली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ती युक्ती परवान्याने घेतली.

वेगाच्या शौकिनाला मात्र ही उशी खुपते. जोर दिला की इंजिन कलते आणि गाडी क्षणभर उशिरा उसळते. म्हणून तो रबर काढून पॉलियुरेथेनचे, नाहीतर निखळ धातूचे माउंटिंग घालतो. घोटाळा होतो तो अर्धवट बदलात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाखालचे रबर तसेच ठेवून गिअरबॉक्स तेवढा धातूने जखडला, तर इंजिन पिळते, गिअरबॉक्स हलत नाही आणि त्याचे ॲल्युमिनियमचे कवच तडकण्याची भीती असते. उलट, इंजिन ताठ आणि गिअरबॉक्सखाली रबर, ही जोडी बहुधा निभते.

मला यात आपल्या घरांचे चित्र दिसते. एकाने घट्ट उभे राहायचे आणि बाकीच्यांनी झोके घ्यायचे, असे ठरले की सारा पीळ त्या एकावर येतो. तो मोडला की आपण म्हणतो, “स्वभावच ताठ हो त्यांचा!” खोट असते ती जोडणीत. माउंटिंग बदलायचेच तर सर्वांचा विचार करून बदलावे. थोडी थरथर आपल्या आसनापर्यंत येईल; ती सोसावी.